कसाऱ्याच्या चढावरची टकटक आणि शंभर वर्षांपूर्वीची निवड

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट लागतो. गाडीत सात माणसं, वर सामान, गिअर चौथा आणि ॲक्सिलरेटर दाबलेला. अशा वेळी बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर इंदिरानगरमधला कुठलाही मेकॅनिक म्हणेल, "नॉकिंग करतेय." त्याचा पुढचा प्रश्न असतो, "पेट्रोल की डिझेल?" हा प्रश्न का महत्त्वाचा, ते आधी पाहू. कारण या आवाजावर शोधलेल्या उपायाची किंमत जगभरातल्या दोन-तीन पिढ्यांनी मोजली आहे.

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, की दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. तोच तो आवाज. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तिथे दाबून तापवलेल्या हवेत डिझेल फवारतात आणि ते आपोआप पेटतं. पेटायला उशीर झाला तर तोवर साचलेलं डिझेल एकदम भडकतं आणि टकटक होते. म्हणजे डिझेल आपोआप पटकन पेटायला हवं, पेट्रोल आपोआप पेटायलाच नको. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष! महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात बनलेल्या बोलेरो आणि स्कॉर्पिओमुळे आपल्या शहराच्या कानाला डिझेलची टकटक सवयीची आहे. पेट्रोल गाडीत मात्र सवय करून घेऊ नका. जोरदार नॉकिंग चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

आता शंभर वर्षं मागे जाऊ. इंजिनात मिश्रण जितकं जास्त दाबाल, तितकी त्याच इंधनातून जास्त ताकद मिळते. पण दाब वाढवला की नॉकिंग सुरू होई, आणि मोटार कंपन्या तिथेच अडल्या होत्या. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली यावर काम करत होते. असंख्य रसायनं वापरून पाहिल्यावर डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना टेट्राइथाइल लेड सापडलं. लिटरमागे एक ग्रॅमहूनही कमी शिसं, आणि आवाज बंद.

पण नॉकिंग थांबवणारा दुसरा पदार्थ त्यांना आधीपासून माहीत होता: साधं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल. मग शिसं का निवडलं? अल्कोहोल बरंच जास्त मिसळावं लागतं, शिशाचं संयुग चिमूटभर पुरतं. शिवाय अल्कोहोल कुणीही शेतमालापासून बनवू शकतो, शिशाच्या वापरावर मात्र पेटंट घेता येत होतं. बाजारात नाव दिलं 'इथाइल'. त्यात शिशाचा उल्लेख नव्हता. शिसं विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होतं. १९२३ मध्ये खुद्द मिजली यांनाच शिशाच्या विषबाधेमुळे रजा घ्यावी लागली. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका शुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार दगावले. तरी विक्री पुढे दशकानुदशकं चालूच राहिली.

हे शिसं धुरातून बाहेर पडायचं, रस्त्याकडेच्या धुळीत बसायचं आणि श्वासातून, हातातोंडातून मुलांच्या रक्तात जायचं. मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. आपल्याकडे १९९५ मध्ये महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. त्यामागे एक तांत्रिक कारणही होतं: शिशामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. देशभर शिसं बंद झालं ते १ फेब्रुवारी २००० पासून. म्हणजे तुम्ही नव्वदच्या दशकात मेनरोडवर फिरला असाल, तर तो धूर तुमच्याही वाट्याला आला आहे. जगात मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबलं.

आणि आता आपल्या जिल्ह्याचा भाग. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळून विकण्याचे प्रायोगिक प्रकल्प देशात तीन ठिकाणी सुरू झाले: मिरज, उत्तर प्रदेशातलं आंवला आणि आपलं मनमाड. मिजली यांच्या हाताशी असलेला पर्याय ऐंशी वर्षांनी उसाच्या मळीच्या वाटेने आपल्या दारात आला. आज पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याबद्दलच्या तक्रारी अगदीच निराधार नाहीत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, त्यामुळे मायलेज घटतं. जुन्या गाड्यांच्या रबरी भागांचा प्रश्नही आहे. पण नॉकिंगचं खापर त्याच्यावर फोडू नका. इथेनॉल नॉकिंग रोखतं, वाढवत नाही.

मग तुमची पेट्रोल गाडी टकटक का करतेय? स्वस्तापासून महागाकडे जा. आधी ऑइल आणि कूलंट बघा, कारण तापलेलं इंजिन हमखास नॉक करतं. मग दुसऱ्या पंपावर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून तोच चढ चढा. आवाज गेला, तर दोष ज्वलनात आहे: सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन किंवा चुकीच्या नंबरचा स्पार्क प्लग. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून नॉक सेन्सर तपासून घ्या. तो आवाज ओळखतो आणि कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यामुळे नव्या गाडीत आवाज येण्याआधी पिकअप आणि मायलेज कमी झालेलं जाणवतं.

पेट्रोल बदलूनही फरक पडला नाही, आवाज जड, धपधप असा आहे आणि गाडी उभी असतानाही रेस केल्यावर वाढतो, तर ते हे नॉकिंग नव्हेच. ते बहुधा कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. अशा वेळी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका, टो करून न्या.

आणि कुणी पंपाबाहेर आवाज घालवणारी बाटली विकायला आला, तर आधी विचारा, आत काय आहे? १९२३ मध्ये हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला नव्हता.