वहीचं कव्हर

दप्तर हा शब्द आपण किती सहज वापरतो! मुलांच्या पाठीवर असतं तेही दप्तर आणि सरकारी कागद जपून ठेवतात तेही दफ्तर. शब्द आपल्याकडे फारसीतून आला, पण त्याचं मूळ जातं थेट ग्रीकमधल्या 'दिफ्थेरा'पर्यंत. दिफ्थेरा म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेलं कातडं. कातड्यापासून निघालेला शब्द कागदपत्रांवर आला, मग कागद बांधायच्या फडक्यावर, आणि शेवटी शाळेच्या पिशवीवर. आज लिहायचंय ते या दप्तरातल्या एका साध्या गोष्टीबद्दल. वहीच्या कव्हराबद्दल.

आपल्याकडे लिहिलेलं गुंडाळून ठेवायची रीत जुनीच. पोथी सुट्ट्या पानांची, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती कापडाचं बासन. आज 'बासनात गुंडाळलं' म्हणजे काम मागे टाकलं असा अर्थ झालाय, पण मुळात बासनात जायची ती घरातली सगळ्यात जपायची वस्तू. सरकारी कागदांचंही तेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो गठ्ठे आहेत आणि त्यांना म्हणतात रुमाल, कारण ते कापडात बांधलेले. गो. स. सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले (१९३० ते १९३४). ते कागद हाती लागले ते आधी कुणीतरी नीट बांधून ठेवले होते म्हणूनच ना?

आता गंमत बघा. याच काळात पंतोजींच्या शाळेतली मुलं कशावर लिहीत होती? धूळपाटीवर. लाकडी फळीवर धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, हाताने पुसायचं, पुन्हा काढायचं. नंतर दगडी पाटी आली, पण पुसणं काही सुटलं नाही. कागद महाग होता हे खरंच. पण मला वाटतं, मुलानं लिहिलेलं जपायचं कशाला, हाही विचार त्यामागे असणार. ते गिरवणं होतं, लिहिणं नव्हतं. आणि जे पुसायचंच आहे त्याला कव्हर कोण घालणार!

म्हणून मला मुक्ताबाई साळवे फार महत्त्वाच्या वाटतात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. कित्ता गिरवलेला नव्हे, स्वतःच्या लोकांचं दुःख स्वतःच्या शब्दांत मांडलेला. तो आज आपण वाचू शकतो, कारण तो छापला गेला. पाटीवर राहिला असता तर ओल्या फडक्याच्या एका फटक्यात गेला असता.

पुढे कागद स्वस्त झाला, वह्या घरोघर आल्या आणि त्यांच्याबरोबर आला तो खाकी कागद. हा जो मजबूत तपकिरी कागद, त्याला जगभर क्राफ्ट म्हणतात. जर्मनमध्ये क्राफ्ट म्हणजे ताकद. कार्ल दाल नावाच्या रसायनतज्ज्ञानं १८७९ साली ही लगदा करायची पद्धत काढली. आपण मात्र रंगावरून खाकी म्हणतो, आणि खाकी आला 'खाक' म्हणजे धुळीवरून. धूळपाटी गेली तरी धूळ काही शाळेतून गेली नाही म्हणायची :)

खाकी कव्हरात एक चांगुलपणा होता, तो मान्य केला पाहिजे. कुणाची वही महाग, कुणाची स्वस्त, हे त्याखाली झाकून जायचं. ज्यांना तोही परवडत नसे ते वर्तमानपत्र किंवा जुन्या कॅलेंडरची पानं घालत. पण सगळ्यांच्या वह्या सारख्या दिसल्या की वही शाळेची वाटते, आपली वाटत नाही. आपला म्हणून उरायचा तो फक्त लेबलाचा चौकोन. नाव, इयत्ता, तुकडी, विषय.

या वर्षी भाचीच्या वर्गात बाईंनी 'लेखनाची वही' करायला सांगितली. गोष्टी, आठवणी, मनातलं काहीही लिहायचं, शुद्धलेखनाचे गुण नाहीत आणि कव्हर ज्याचं त्यानं सजवायचं. चार मुलं आमच्या हॉलमध्ये जमली. माझ्याकडे कात्री आणि डिंक एवढंच काम. एकीनं एसटीची जुनी तिकिटं चिकटवली, भाचीनं पिंपळाचं जाळी पडलेलं पान लावलं. एक मुलगा मात्र साधं खाकी कव्हर घालून बसला होता. मी म्हटलं, "अरे, तू काही नाही करत?" तो म्हणाला, "मावशी, मी नाव लिहितोय." बघते तर मोठ्या रंगीत अक्षरांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग बाबांचं, मग आडनाव.

महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या आणि सरकारी कागदांवर नाव याच क्रमानं लिहायचा निर्णय झालाय. हा मुलगा नऊ वर्षांचा, म्हणजे त्याला तो लागू नाही. हजेरीपटावर तो जुन्याच पद्धतीनं राहणार. पण स्वतःच्या वहीवर काय लिहायचं हे त्याचं त्यानं ठरवलं. सजावट म्हणजे चमकी आणि स्टिकर असं मी धरून चालले होते. त्यानं तर थेट लेबलच बदललं!

राजेरजवाड्यांची दफ्तरं रुमालात बांधून राहिली. साध्या घरांचं दफ्तर म्हणजे मुलांच्या वह्या, आणि त्या दर मे महिन्यात किलोच्या भावानं रद्दीत जातात. शंभर वर्षांनी कुणाला आपल्या घरातलं मूल काय विचार करत होतं हे शोधायचं झालं तर कुठे शोधणार? म्हणून काका, आत्या, सगळ्यांनाच सांगणं आहे. यंदा रद्दीवाला येईल तेव्हा गठ्ठा एकदा चाळा. ज्या वहीवर मुलानं स्वतःच्या हातानं काही केलंय, तेवढी एक तरी बाजूला काढा. घरात जुनं धुतलेलं फडकं असेलच. बांधून ठेवा त्यात.