तळटीप १४ : 'खाडे'

१४. खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी. परभणी, सेलू, जिंतूरकडे सालगड्याचा करार गुढीपाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला संपतो. ठरलेल्या रकमेतला काही भाग उचल म्हणून आधीच हाती पडतो. जोडीला कुठे ज्वारीही असते. वर्षभराचे खाडे मालकाच्या वहीत मांडले जात आणि साल फिटताना तेवढे पैसे कापले जात, नाहीतर तेवढे दिवस पाडव्यानंतर राबून भरून द्यावे लागत. गड्याजवळ वही नसे. साल किती, यावरून सहसा वाद होत नसे, कारण ते चारचौघांत ठरलेले असे; वाद होई तो मोजणीवरून. आजारपणाचा दिवस धरायचा का? अर्ध्या दिवसाचा खाडा पुरा कसा झाला? (पाडव्याचा कडुनिंब अशा वेळी दोघांनाही जरा जास्तच कडू लागत असणार.) मुळातल्या गड्याचे "वही तुमची, दिवस माझे" हे बोलणे या संदर्भात वाचावे. उचलीपायी माणसाला कामाला जखडून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरले. हा प्रसंग त्याआधीचा आहे.