जमिनीच्या कराराची पूर्तता : यजितखतापासून हुकुमनाम्यापर्यंत

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत जमिनीच्या व्यवहाराचे कागद विपुल सांपडतात. परंतु संग्राहकाची दृष्टि प्रथम शिक्कामोर्तबाच्या सनदेवर जाते, तिच्या खालोखाल निवाडपत्रावर, व मग खरेदीखतावर. जामीनकतबा, विसारपावती, मुदतीचा करार असले सुटे कागद 'किरकोळ' म्हणून वेगळे बांधून ठेवण्याची चाल आमच्याकडे पडून गेली आहे. त्यामुळें एक साधा प्रश्न तसाच राहतो. जमीन देतों म्हणून करार करून पैका घेतलेला मनुष्य पुढें फिरला, तर दुसऱ्या पक्षानें काय करावें? पैका परत मागावा, कीं जमीनच मागावी? आणि जमीनच मागितली, तर ती त्याच्या हातून सोडविणारी सत्ता कोणाची? ह्या किरकोळ कागदांखेरीज याचा उलगडा होत नाहीं. व तो न झाल्यामुळें गहाण-लहाण खतासारखा नेहमींचा कागद चुकीचा वाचला जातो, असें आमचें मत आहे.

पेशवाईंत मिरास जमिनीची विक्री ही दोघां इसमांतली खाजगी गोष्ट नव्हती. मिरासपत्र किंवा खरेदीखत पाटील-कुलकर्णी व शेजारीपाजारी यांच्या साक्षीनें होई. पाटलाचा नांगर व बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या त्याखालीं पडत. जमीन 'लेकराचे लेकरीं' दिली, भाऊबंद वा दुसरा कोणी कथळा करील तर त्याचें निवारण विकणारानें करावें, अशी भाषा त्यांत असते. खत झालें कीं व्यवहार पुरा झाला असें गांव समजे. तंटा निघे तो बहुधा ह्या निवारणाच्या शर्तीवरून, किंवा मुदत घातली असल्यास त्या मुदतीवरून.

अशी शर्त पाळावयास लावण्याचीं साधनें जामीन, तगादा व पंचाईत हीं होतीं. जामीनदार हा बहुधा ओळखीपाळखीचा, त्याच गांवचा. शर्त मोडली तर निमित्त त्याच्यावर येणार, म्हणून मूळ पुरुषाला तो स्वतःच सुचूं देत नसे. तगाद्याचें वर्णन एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखावरील आपल्या इ. स. १८१९ च्या अहवालांत केलें आहे. नुसत्या विनवणीपासून दारांत माणूस बसविणें, खाण्यापिण्यास अटकाव करणें, उन्हांत डोक्यावर धोंडा देऊन उभें करणें येथपर्यंत त्याच्या पायऱ्या होत्या. हा उपाय पैशाच्या मागणीस चांगला. जमिनीच्या ताब्यास तितकासा नव्हे. उपाशी बसविलेला मनुष्य पैका काढून देईल, परंतु वडिलार्जित शेतावरून भाऊबंदांना उठविणें हें एकट्या तगादेदाराच्या आवांक्यांतलें नव्हतें. तेथें पंचाईत लागे.

पंचाईतीपुढें उभयतांनीं प्रथम राजीनामा लिहून द्यावयाचा, म्हणजे जो निकाल होईल तो मान्य करूं असें आधींच बांधून घ्यावयाचें. त्याला जामीन द्यावयाचा. मग पुरावा होऊन पंच आपला सारांश देत. जिंकणारा हरकी देई, हरणारा गुन्हेगारी देई. आणि ह्यांत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कागद म्हणजे हरलेल्यानें लिहून दिलेलें यजितखत. आपला वाद खोटा झाला, ह्यापुढें आपला संबंध नाहीं, असें त्यानें स्वतःच्या नांवें लिहून द्यावयाचें. सरकारचा हुकूम पाठीशीं असे खरा, परंतु कराराची पूर्तता व्हावयाची ती फिरलेल्या माणसाच्याच हातानें. संग्रहांत जयपत्र असून यजितखत नसेल, तर निवाडा अमलांत आला असें एवढ्यावरून धरून चालतां येत नाहीं.

आतां गहाण-लहाण. ह्या खतांत कर्जाबद्दल जमीन गहाण ठेवून मुदत घातलेली असते, व मुदतींत पैका न फिटल्यास हेंच खत खरेदीखत समजावें अशी शर्त असते. अभ्यासक ती शर्त वाचतो, मुदतीचें वर्ष काढतो, आणि घराण्याच्या इतिहासांत लिहून मोकळा होतो कीं अमुक शकांत शेत सावकाराकडे गेलें. परंतु शर्त लिहिलेली असणें आणि ती अमलांत आलेली असणें ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इंग्रजी अमलांत ह्याच मुद्द्यावर न्यायालयें पंचवीस-तीस वर्षें अडखळत होतीं.

एल्फिन्स्टनच्या इ. स. १८२७ च्या रेग्युलेशनांपैकीं चौथ्यांत न्यायाधीशानें कोणता कायदा पाहावा याचा क्रम दिला होता : आधीं पार्लमेंटचे कायदे व रेग्युलेशनें, तीं नसतील तेथें देशरिवाज, मग प्रतिवादीचा कायदा, आणि कांहींच नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक. मुंबईचें उच्च न्यायालय इ. स. १८६२ त स्थापन झालें. दोनच वर्षांनीं, इ. स. १८६४ त, त्यानें एका गहाण-लहाणाच्या दाव्यांत ठरविलें कीं शर्त कांहींहि असो, गहाण तें गहाणच. मुदत टळली तरी ऋणकोस पैका भरून जमीन सोडवितां येईल. हें तत्त्व इंग्लंडच्या समतान्यायालयांचें. मद्रासेकडील एका दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें इ. स. १८७० त ह्याच्या उलट, शर्त लिहिली तशी पाळली पाहिजे असा निकाल दिला. तो ठाऊक असूनहि मुंबईचें न्यायालय इ. स. १८७२ त आपल्या मतास चिकटून राहिलें. इ. स. १८७५ त प्रिव्ही कौन्सिलनें जुना कायदा शर्तीच्या बाजूचा होता हें पुन्हा सांगितलें, परंतु पायंडा पडून गेला असल्यामुळें कायदा करूनच हा घोळ मिटवावा असें सुचविलें. इ. स. १८८२ च्या मिळकत हस्तांतराच्या कायद्यानें ऋणकोचा सोडवणुकीचा हक्क मान्य केला. मुंबई इलाख्यास तो कायदा १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला.

आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं देशरिवाजाचा शोध घेण्यांत कुचराई केली. एकानें इंग्लंडचा नियम आणून बसविला. दुसऱ्यानें खताचें अक्षर म्हणजेच रिवाज असें धरलें. गांवांत प्रत्यक्ष काय घडे हें भोगवट्याच्या पुराव्यानें, वसुलाच्या शेऱ्यांनीं व जामिनांच्या कागदांनींच ठरावयाचें. निकाल मात्र ऋणकोस उपकारक झाला हें कबूल केलें पाहिजे. इ. स. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें स्थावर गहाण सोडविण्यास साठ वर्षें दिलीं होतीं. त्यामुळें पेशवाईच्या अखेरचें गहाणहि इ. स. १८६४ नंतर न्यायालयापुढें येऊं शकलें. जुन्या खतावर दिवाणी कोर्टाचा निशाणी-क्रमांक दिसला तर दचकूं नये. नांगराची निशाणी व पुराव्याची निशाणी एकाच कागदावर नांदणें अगदीं शक्य आहे.

१२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा झाला व तो पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या कागदांवर होता. त्या टापूंतील एखाद्या गांवीं सावकारी खतें मुळींच मिळालीं नाहींत, तर व्यवहार नव्हते असें अनुमान करण्यापूर्वीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. इ. स. १८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कायद्यानें न्यायाधीशास खताच्या मागें जाऊन व्यवहाराचा मूळापासून इतिहास तपासण्याचा अधिकार दिला.

इकडे करार पुरा करून घेण्याचा हक्क इ. स. १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टनें रीतसर बांधला गेला. स्थावराचा करार मोडला तर त्याची भरपाई पैशानें पुरेशी होत नाहीं, असें उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयानें समजावें, असें त्याच्या १२ व्या कलमांत होतें. तथापि २२ व्या कलमानें हा हुकूम देणें न्यायाधीशाच्या विवेकावर ठेवलें. वादीस गैरवाजवी फायदा मिळत असेल, किंवा प्रतिवादीवर त्यास आगाऊ न दिसलेला जुलूम होत असेल, तर हुकूम नाकारतां येई. साठेखतानें जमिनीत कसलाहि हक्क उत्पन्न होत नाहीं, हें मिळकत हस्तांतराच्या कायद्याचें ५४ वें कलम सांगतें. साठेखत म्हणजे केवळ फिर्यादीचा आधार. सबब त्यावरून मालक ठरवूं नये. इ. स. १८७७ च्या कायद्याची जागा इ. स. १९६३ च्या कायद्यानें घेतली, आणि इ. स. २०१८ च्या दुरुस्तीनें न्यायाधीशाचा विवेकाधिकार पुष्कळ आखडला.

हुकुमनामा होऊनहि प्रतिवादी खत लिहून देईना, तर काय? इ. स. १९०८ च्या दिवाणी कायद्याच्या २१ व्या ऑर्डरीचा ३४ वा नियम येथें उपयोगीं पडतो. वादीनें दरखास्त देऊन खताचा मसुदा न्यायालयांत हजर करावयाचा, त्यावर प्रतिवादीच्या हरकती मागवावयाच्या, आणि तरीहि तो सही करीत नसेल तर न्यायाधीशानें, किंवा त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यानें, त्याच्या वतीनें सही करावयाची. त्या सहीचा परिणाम प्रतिवादीनें स्वतः केलेल्या सहीइतकाच. यजितखत हरलेल्याच्या हातून निघे. ह्या खतांत त्याचा हात लागतच नाहीं. अशा खरेदीखतांत लिहून देणार म्हणून एकाचें नांव व खालीं सही भलत्याचीच पाहून तें बनावट ठरविण्याचा मोह होतो. तसें करण्यापूर्वीं दाव्याचा व दरखास्तीचा क्रमांक खतांत कोठें आहे तें पाहावें, व त्यावरून हुकुमनाम्याची नक्कल मिळवावी.

गहाण-लहाण खताची नक्कल करतांनाहि पाठीमागची बाजू उतरून घ्यावी. मुदतीनंतर भरलेल्या पैशाचा शेरा सांपडला तर तो तेथेंच सांपडेल.