लोड, पट्टा आणि दोर

जुनाट स्नायुदुखीवर, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या दुखण्यावर, शरीर सावकाश ताणण्याचे जे व्यायाम आज सुचवले जातात, त्यांच्यापैकी एका प्रभावी पद्धतीची जडणघडण पुण्यात झाली. तिच्या इतिहासात लवचिक शरीराच्या साधकांइतकेच ज्यांना धड वाकताही येत नव्हते अशा विद्यार्थ्यांचे महत्त्व आहे.

आसनांना वैद्यकाच्या कक्षेत आणण्याचा पद्धतशीर प्रयत्न त्याआधीच सुरू झाला होता. जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना केली आणि योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत मोजून ते ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून मांडले.

बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार हे १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर योग शिकवण्यासाठी पुण्यात आले, तेव्हा ते विशीच्याही आत होते आणि त्यांना मराठी येत नव्हते. हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी बालपण पोखरलेल्या या तरुणाने म्हैसूरला आपले मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे आसनांचे धडे घेतले होते. स्वतःचे ताठरलेले शरीर वळवण्यासाठी रस्त्याकडेला पडलेले दगड आणि विटा आधाराला किंवा वजनाला घेण्याची त्यांची सवय पुढे शिष्यांच्याही कामी आली. १९५२ मध्ये मुंबईत त्यांची भेट झालेले व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन हेही थकव्याने आणि स्नायूंच्या दुखण्याने त्रासलेले होते. पाश्चात्त्य देशांत या पद्धतीचा प्रवेश प्रामुख्याने त्यांच्यामुळे झाला. मात्र अय्यंगारांच्या १९६६ च्या ‘लाइट ऑन योगा’ या ग्रंथातील शेकडो छायाचित्रांत साधनांचा वापर जवळजवळ दिसत नाही, ही बाब लक्षणीय आहे, कारण तेथे आसनाचे पूर्णत्व दाखवायचे होते, तर वर्गात येणाऱ्या दुखणाइताला त्या पूर्णत्वाच्या पहिल्या पायरीशीच थांबावे लागत होते.

साधन म्हणजे आसनात शरीराला टेकू देणारी कोणतीही वस्तू. त्यांत घरोघरी असणारा लोड, घडी घातलेली घोंगडी, लाकडी वीट, पायाला अडकवायचा पट्टा, घडीची लोखंडी खुर्ची आणि भिंतीतल्या कड्यांना बांधलेले दोर मोडतात. त्यांची उपयुक्तता स्नायूच्या स्वभावावरून समजते: दुखरा भाग स्वतःच्या रक्षणासाठी आखडलेला असतो आणि झटका देऊन ताणल्यास प्रतिक्षेपाने, म्हणजे इच्छेविना घडणाऱ्या प्रतिक्रियेने, अधिकच आकुंचन पावतो, उलट शरीराचा भार लोडाने किंवा दोराने पेलला तर तोल सांभाळण्याचे श्रम उरत नाहीत आणि तीच स्थिती कित्येक मिनिटे टिकवता येते. पाठीवर निजून पट्ट्याच्या साहाय्याने एक पाय वर धरण्याच्या सुप्त पादांगुष्ठासनात मांडीची मागची बाजू ताणली जाते, पण कंबर जमिनीवर निवांत राहते. उभ्याने वाकण्यात ही सोय नसते.

१९७५ मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली आणि तेथील उपचारवर्गांत या साधनांना पक्के स्थान मिळाले. १९७९ मधील स्कूटरच्या अपघातांनंतर अय्यंगारांना स्वतःलाही बरीच आसने नव्याने शिकावी लागली, तेव्हा आधाराचा हा विचार गुरूच्या शरीरावरही तपासला गेला, असे म्हणता येईल.

पुढे ही पद्धत वैद्यकीय चाचण्यांच्या कसोटीला लावण्यात आली. २००५ मध्ये अमेरिकेतील ६० कंबरदुखीग्रस्तांवरील १६ आठवड्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष अनुकूल आले. त्यानंतर ब्रिटनमध्ये ३१३ जणांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतील अभ्यासक्रमही अय्यंगार परंपरेतील शिक्षिकेच्या पुढाकाराने आखलेला होता. तीत योग करणाऱ्यांच्या कंबरेची कार्यक्षमता नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा वर्षभरानंतरही सरस आढळली; वेदनेच्या मोजमापात मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नाही.