अभियोक्ता, सैनिकी

सेना-न्यायालयापुढे आरोपीविरुद्धचा खटला चालविणारा अधिकारी अथवा वकील. न्यायालयाचे सदस्य, अभियोक्ता आणि बहुधा आरोपी हे एकाच सेनेतील असल्यामुळे अभियोक्त्याची निःपक्षता हा सैनिकी न्यायाचा कळीचा प्रश्न होय.

बहादुरशाह जफरवरील खटल्यात (१८५८) डेप्युटी जज ॲडव्होकेट जनरल मेजर हॅरियट हाच सरकारी अभियोक्ता होता. म्हणजे सैन्यास कायद्याचा सल्ला देणाऱ्या खात्याचा अधिकारीच आरोप सिद्ध करण्यास उभा होता. आझाद हिंद सेनेच्या पहिल्या खटल्यात (१९४५) ही कामे विभागलेली दिसतात. अभियोग सर नौशेरवान इंजिनिअर यांनी, तर बचाव भुलाभाई देसाई यांनी चालविला. न्यायालयास कायदा समजावून देण्यासाठी स्वतंत्र जज ॲडव्होकेट होता.

सेना अधिनियम, १९५० अन्वये जनरल सेना-न्यायालयात किमान पाच अधिकारी व जज ॲडव्होकेट आवश्यक असतात. सेना नियम, १९५४ प्रमाणे अभियोक्त्याने न्यायदानास साहाय्य करावयाचे असते. घडलेली संपूर्ण हकीकत मांडणे आणि आरोपीस अनुकूल पुरावा न दडपणे हे त्याचे कर्तव्य ठरते. समरी सेना-न्यायालयात मात्र कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. तेथे वेगळा अभियोक्ता नसतो. त्यामुळे शिक्षेच्या फेरतपासणीस विशेष महत्त्व येते. सशस्त्र सेना न्यायाधिकरण अधिनियम, २००७ मुळे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची सोय झाली.

सैनिकी कायद्याचे शिक्षण देणारी भारतीय सेनेची संस्था नागपूर जिल्ह्यात, मौदा तालुक्याला लागून असलेल्या कामठी येथे आहे. कामठीची छावणी १८२१ मध्ये वसविण्यात आली.