कोल्हापुरातले एक चहाचे दुकान



इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. रस्त्याकडेच्या दुकानात गरीब माणसाने काय खाल्लं आणि कुणाच्या हातचं खाल्लं, याची नोंद बखरीत सापडत नाही. आज कोल्हापूरच्या अशाच एका साध्या दुकानाची हकीगत सांगणार आहे.

1891 साली मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी आली. 1895 च्या सुमारास शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली आणि तिथे गुळाची बाजारपेठ उभी राहिली. 1906 साली कापडाच्या गिरणीचा पाया घातला गेला, 1912 साली खासबागेचे कुस्तीचे मैदान तयार झाले. आता हिशेब करा. गुळाच्या ढेपा घेऊन आलेला गाडीवान, हमाल, गिरणीचा कामगार, कुस्तीला आलेला शौकीन, ही सारी घराबाहेर जेवणारी माणसे. भाकरी-कोरड्यास फडक्यात बांधून आणलं तरी ते किती दिवस पुरणार? म्हणून खानावळी आल्या, चहाची दुकाने आली.

कोल्हापूरच्या स्वस्त जेवणाची सारी युक्ती रश्श्यात आहे, असे मला वाटते. मटणाचे तुकडे चार, पण त्यांच्या पाण्यातून निघालेला पांढरा आणि तांबडा रस्सा वाटीवर वाटी. त्यात भाकरी कुस्करा, उरलेला भातावर घ्या, पोट भरते. मिसळीचेही तेच. मटकीची उसळ थोडी, वर शेव-फरसाण, कांदा, आणि तिखट कट मागाल तेवढा. थोड्या पैशांत जास्तीत जास्त चव, हे गरिबाच्या स्वयंपाकाचे शास्त्र जगात सगळीकडे सारखेच. समुद्रापलीकडच्या मलायाचे, म्हणजे आजच्या मलेशियाचे उदाहरण घ्या. इंग्रजांच्या अमलात तिथे कथिलाच्या खाणींत चिनी मजूर गेले, रबराच्या मळ्यांत तमिळ मजूर गेले. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यावर सुकी मासळी आणि मिरचीची चटणी, हे मलायी माणसाचे खाणे; त्याला नासी लेमाक म्हणतात. चिनी माणसाने आपल्या लांब शेवया आणल्या. त्याच शेवया तमिळ मुसलमान दुकानदाराने मसाला घालून परतल्या, आणि ‘मी गोरेंग’ म्हणून त्या सगळ्यांना विकल्या. धर्माची बंधने तिथेही होती आणि आहेत, पण एकाचा पदार्थ दुसऱ्याच्या कढईत गेला खरा.

आपल्याकडे अडचण कढईत नव्हती, पंक्तीत होती. खानावळीत कोण कुठे बसणार, पाण्याच्या भांड्याला कोण शिवणार, हे जात ठरवीत असे. चहा तर त्या काळी नवा. चहाला कसलं आलंय सोवळं, असं वाटेल; पण कपबशीलाही विटाळ चिकटलाच.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेतले नोकर, जातीने महार. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना तिथल्या नोकरांनी मारहाण केली. महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. ते परतल्यावर गंगारामांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले. पण नुसत्या शिक्षेने काय होणार? त्यांनी गंगारामांना सांगितले की चाकरी सोड, स्वतःचा धंदा कर, भांडवल मी देतो. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांनी चहाचे दुकान काढले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’.

दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना. मग महाराजांची गाडी त्या रस्त्याने जाताना दुकानापुढे थांबू लागली. महाराज चहा मागवीत, स्वतः पीत, आणि गाडीतल्या सवर्ण मंडळींनाही प्यायला लावीत. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत! राजाने घेतलेला कप नको म्हणण्याची कुणाची छाती होती? हुकमाने प्यालेला चहा मनाने प्यालेला नसतो, असे कुणी म्हणेल. ते बरोबर आहे. पण लोकांच्या मनाची वाट पाहत बसावे, तर तोवर गंगारामांनी दुकान चालवावे कशावर?

महाराज केवळ चहावर थांबले नाहीत. 1919 साली संस्थानात हुकूम निघाले की सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा इथे शिवाशीव पाळायची नाही. 1920 च्या मार्चमध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते आणि महाराज स्वतः तिथे हजर राहिले. पुढे दोनच वर्षांनी, 1922 च्या मे महिन्यात, महाराज वारले.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक गोष्ट जरूर दाखवावी. 1950 साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात समतेच्या मोठ्या तत्त्वाबरोबर दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी आणि तलाव यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. मुलांना विचारा, एवढ्या मोठ्या ग्रंथात हॉटेलाचे नाव कशाला? मग त्यांना भाऊसिंगजी रोडवरच्या दुकानाची हकीगत सांगा. 1955 साली अस्पृश्यता पाळणे हा कायद्याने गुन्हा ठरवून शिक्षा लागू झाली. तरी त्यानंतरही कित्येक गावांत चहाच्या दुकानात कुडाला किंवा वळचणीला एक कपबशी वेगळी अडकवलेली असे, आणि पिणाऱ्याने ती स्वतः धुऊन पुन्हा तिथेच ठेवायची असे.