करवतकाठी : पैठणीच्या गर्दीत हरवलेली विदर्भाची साडी

लग्नसराई आली की यवतमाळ, वणी, पुसदच्या दुकानांत एकच मागणी : पैठणी दाखवा. येवल्याच्या पैठणीबद्दल आदरच आहे. पण आपल्या विदर्भाची रेशमी साडी कोणती, असं विचारलं तर किती जणांना सांगता येईल?

ती आहे करवतकाठी. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून हे नाव. अंग कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, आणि काठ सुती. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाज कोशाचे किडे वाढवतो. विणतात कोष्टी विणकर, मोहाडी-आंधळगाव भागात आणि नागपुरात. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

मग ती मागं का पडली?

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. दुसऱ्याच वर्षी नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि विणकरांचा मोठा गिऱ्हाईक, दरबार, संपला. इंग्रजांना इथला कापूस हवा होता, इथलं कापड नव्हे. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1877 मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आपली शकुंतलासुद्धा कापूस वाहून न्यायलाच आली ना! गाठी बाहेर गेल्या, गिरणीचं स्वस्त कापड आत आलं. हातमागाला पुढं यंत्रमागानं गाठलं.

1985 च्या कायद्यानं काही कापड हातमागासाठी राखून ठेवलं. राज्याच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, खण, घोंगडीसोबत करवतकाठीचंही नाव आहे. पण त्याच धोरणातून अंत्योदय कार्डावर वर्षाला जी साडी मिळते, ती यंत्रमागाची. गरीब घरात साडी जावी, यात वाद नाही. प्रश्न एवढाच की हातमागाच्या वाट्याला नुसता उल्लेख, आणि हमखास ऑर्डर मात्र यंत्रमागाला, असं का?

सरकारचं सरकार बघेल. आपण निदान ओळखून तरी घेऊ. अस्सल करवतकाठीत अंगाचा आणि दोन्ही काठांचा धागा वेगळा असतो, त्यासाठी तीन धोटे चालतात. म्हणून काठाचा रंग स्वच्छ दिसतो, अंगाचा रंग त्यात मिसळत नाही. साडी उलटी करून बघा. रेशमाच्या खात्रीसाठी सिल्क मार्क आणि विणीसाठी हातमागाची खूण मागा.

नेसायला ही साडी सोपी, फुगत नाही, उन्हाळ्यातही चालते. मधासारख्या मूळ रंगावर खणाचं ब्लाऊज शोभतं. दागिने मोजके पुरेत.

जपायचं कसं? पहिली धुलाई ड्रायक्लीनच करा. घाम आला असेल तर सावलीत वाळवूनच घडी घाला. प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळा. दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळी घाला, नाहीतर घडीवरच रेशीम तुटतं. अत्तर थेट साडीवर मारू नका. इस्त्री मंद, वर सुती कापड ठेवून.

1905 च्या 7 ऑगस्टला स्वदेशीची चळवळ सुरू झाली, म्हणून 2015 पासून तो दिवस राष्ट्रीय हातमाग दिन. त्या दिवशी स्टेटस ठेवण्यापेक्षा घरातल्या पुढच्या लग्नात एक तरी करवतकाठी घ्या. माग चालतो तो मागणीवर, कौतुकावर नाही.

आजीच्या पेटीत असेल तर काढा, काठाचा फोटो कमेंटमध्ये टाका. बघू तरी आपल्या जिल्ह्यात किती उरल्यात.